शालकी 1:72 : वेगाचं गणित आणि शेततळ्यातली चाचणी

मागच्या वेळी मोटर बसवून झाली होती आणि बाथटबात माझी मॉडेल पाणबुडी (1:72, म्हणजे खऱ्या बोटीच्या 72 पट लहान) सरळ तरंगत होती. या महिन्यात ती पहिल्यांदा मोकळ्या पाण्यात उतरली. सिन्नरजवळ मामांच्या शेततळ्यात. पाणी स्वच्छ, शेवाळ कमी, आणि तळाला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असल्यामुळे गाळ उसळत नाही. कागद प्रचंड निसरडा असतो, त्यामुळे कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणी काठावरून खाली उतरायचं नाही, हा मामांचा नियम आहे आणि तो योग्यच आहे.

नव्यांसाठी थोडक्यात : मॉडेल आयएनएस शालकीचं. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, 7 फेब्रुवारी 1992 रोजी नौदलात दाखल झालेली, भारतात तयार झालेली पहिली पाणबुडी. मूळ लांबी 64.4 मीटर, म्हणजे माझी 89 सेंटिमीटर. वेग पृष्ठभागावर 11 नॉट, पाण्याखाली 22 (एक नॉट म्हणजे तासाला 1.85 किलोमीटर).

काठावर दहा मीटर अंतराने दोन बांबू रोवले. मामेभाऊ स्टॉपवॉच घेऊन बसला. पहिल्या फेरीत मी थ्रॉटल (वेगाचा दांडा) हौसेने शेवटपर्यंत ढकलला. सात सेकंद! शेपटी खाली बसली, नाक वर, मागे फेसाचा पट्टा. भावाचा शेरा : "दादा, ही पाणबुडी आहे का स्पीडबोट?"

त्याला कळलं ते बरोबरच होतं, आकडा मात्र मला काढावा लागला. सात सेकंदांत दहा मीटर म्हणजे सेकंदाला 1.43 मीटर. आता याचे खऱ्या बोटीतले नॉट किती? सरळ 72 ने गुणलं तर 200 नॉट येतात. उलट, 11 नॉटला 72 ने भागलं तर मॉडेलने सेकंदाला आठ सेंटिमीटरसुद्धा जायचं नाही. दहा मीटरला दोन मिनिटं सात सेकंद! एवढ्या वेगाला नाकापुढे लाट म्हणून उठत नाही. डबक्यात लाकडाचा ओंडका वाहतोय असं दिसतं. तरीही आपल्यातले बरेच जण हाच भागाकार करतात.

मोजमाप लहान केलं तरी गुरुत्वाकर्षण लहान होत नाही, मेख तिथे आहे. लाटेची लांबी वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून लाट 72 पट लहान हवी असेल तर वेग 72 च्या वर्गमुळाने, म्हणजे 8.49 ने भागायचा. विल्यम फ्राऊडने 1870च्या दशकात टॉर्कीला लांबलचक टाकी बांधून, त्यात जहाजांची मॉडेलं ओढून हेच पक्कं केलं. त्या हिशोबाने माझी हौशी फेरी साडेतेवीस नॉटची ठरते, पृष्ठभागावरच्या कमाल वेगाच्या दुपटीहून जास्त. शेपटी का बसली तेही उलगडलं : त्या वेगाला लाटेची लांबी सव्वा मीटरच्या पुढे जाते, बोटीपेक्षा मोठी. बोट स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते.

11 नॉटचे झाले सेकंदाला 67 सेंटिमीटर, म्हणजे दहा मीटरला बरोबर पंधरा सेकंद. मोटर थेट शाफ्टला (पंख्याच्या दांड्याला) जोडलेली होती, आणि इतक्या कमी थ्रॉटलला ती गचके देत होती. घरी येऊन 3:1 गिअर (मोटरच्या तीन फेऱ्यांना शाफ्टची एक) बसवला (दोन रविवार गेले, एक शाफ्ट वाकला, त्याबद्दल अधिक बोलत नाही). दुसऱ्या खेपेला वाऱ्याच्या दिशेने 14.6 सेकंद, वाऱ्याविरुद्ध 15.9. सरासरी वेळांची नको, वेगांची घ्या : 10.8 नॉट. चालेल.

पण माझा स्टॉपवॉचपेक्षा लाटेवर जास्त विश्वास आहे. काळ्या बोटीवर दर दहा सेंटिमीटरला पांढऱ्या इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवली आणि बांधावरून फोनने व्हिडिओ घेतला. फ्रेम थांबवून पट्ट्या मोजल्या : एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत 27 ते 28 सेंटिमीटर. 10.8 नॉटला सूत्र साडेसत्तावीस सांगतं. बोटीच्या अंगावर जेमतेम तीन लाटा बसतात. खऱ्या शालकीच्या अंगावरही 11 नॉटला तेवढ्याच बसायला हव्यात. फोटोशी तुलना करायची तर लाटा मोजा, वेळ मोजायची गरजच नाही.

पाण्याखालचा प्रश्न वेगळा. खोल गेल्यावर लाटाच नाहीत, मग वर्गमूळ कशाला, असं मलाही वाटायचं. पण नाक खाली-वर होण्याचा झोका वजन आणि उत्प्लावन यांच्यावर चालतो, म्हणजे पुन्हा गुरुत्वाकर्षणावरच. म्हणून तिथेही मी 8.49च धरतो. 22 नॉटसाठी दहा मीटरला साडेसात सेकंद. पण डिझेल-इलेक्ट्रिक बोट त्या वेगाने बॅटरी किती वेळ जाळेल? दबकत फिरते ती चार-पाच नॉटने. चार नॉट म्हणजे आपल्याकडे 24 सेंटिमीटर, दहा मीटरला 41 सेकंद.

आणि इथे माझं पितळ उघडं पडलं. हायड्रोप्लेनचा (बोटीचं नाक खाली-वर करणाऱ्या आडव्या पंखांचा) जोर वेगाच्या वर्गावर असतो, त्यामुळे चार नॉटला तो 22 नॉटच्या एक तीसांश उरतो. वेगात असताना सर्वो (ते पंख हलवणारी छोटी मोटर) चुका झाकत होता, सावकाश जाताना बोट दर वेळी शेपटीवर बसायला लागली. चार ग्रॅम शिसं बॅटरीमागून नाकात हलवलं आणि तेव्हा कुठे ती पहिल्यांदा दोन्ही बांबूंमधून एका खोलीवर गेली. भाऊ तोवर कंटाळून पेरू खात बसला होता.

मॉडेलच्या लाटा खऱ्यापेक्षा 8.49 पट झटपट उठतात, म्हणून व्हिडिओ सेकंदाला 240 फ्रेमने घ्या आणि 30 ने चालवा. आठपट संथ, म्हणजे 8.49 च्या अगदी जवळ, आणि पाण्याला एकदम वजन येतं. माझा सगळ्यात चांगला शॉट मात्र वाया गेला. पेरिस्कोपवर एक चतुर येऊन बसला, आणि त्याचे सात सेंटिमीटरचे पंख या मापात पाच मीटरचे होतात.