विमान, शहर आणि सिनिऑरिटी नंबर: न्यूयॉर्क बेसहून शिकागो बेसला येईपर्यंतचा माझा अनुभव

अमेरिकेत एअरलाईनमध्ये पायलट म्हणून लागलो तेव्हा घरच्यांपासून मित्रांपर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, विमान कुठलं मिळालं? शहर कुठलं मिळालं हे फार थोड्यांनी विचारलं. इकडे या दोन गोष्टी वेगवेगळ्या मिळतच नाहीत. विमानाचा टाईप, बेसचं शहर (जिथून ड्यूटी सुरू होते ते) आणि खुर्ची (कॅप्टनची की फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे को-पायलटची) असं तिन्ही मिळून एक पोझिशन असते, म्हणजे '७३७, न्यूयॉर्क, फर्स्ट ऑफिसर' ही एक जागा आणि '७३७, शिकागो, फर्स्ट ऑफिसर' ही अगदी वेगळी जागा, आणि कुठली जागा कोणाला हे ठरतं सिनिऑरिटी नंबरवर, म्हणजे कंपनीत आधी कोण लागलं या यादीतल्या क्रमांकावर. पगार, सुट्ट्या, घरी किती रात्री झोपणार हे सगळं त्या एका नंबराला बांधलेलं. पुण्यातला माझा भाचा सध्या डीजीसीएच्या परीक्षा देतोय आणि दर आठवड्याला मला यावरून काहीतरी विचारत असतो, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, आमच्याकडे सोशल मीडियाचे नियम कडक आहेत.

मी मूळचा मिरजेचा, इकडे आलो सॉफ्टवेअरमध्ये, घर शिकागोजवळ नेपरव्हिलला. ग्रीन कार्ड आल्यावर फ्लाईंग शिकलो, इन्स्ट्रक्टर झालो, १५०० तास भरले (हा १५०० तासांचा नियम २०१३ पासून आहे), मग एका रीजनल कंपनीत एम्ब्रेअर १७५ उडवलं आणि तिथून मोठ्या कंपनीत आलो. कंपनी बदलली की आधीची सिनिऑरिटी शून्य. दुसरीकडे वीस वर्षं कॅप्टन असलात तरी नव्या कंपनीत यादीच्या तळाला, यातून कोणालाच सूट नाही. म्हणून इकडे लोक एकदा मोठ्या कंपनीत शिरले की सहसा तिथूनच रिटायर होतात.

नव्या बॅचच्या ट्रेनिंगमध्ये अगदी सुरुवातीलाच जागांची यादी समोर येते. एवढ्या सीट्स ७३७ न्यूयॉर्क, एवढ्या एअरबस ३२० मायामी, थोड्या अजून कुठल्या कुठल्या. बॅचमधला क्रम आमच्याकडे वयावर लागतो, जो मोठा तो आधी निवडतो, काही कंपन्यांत सोशल सिक्युरिटी नंबरच्या शेवटच्या आकड्यांवरून लावतात. मी उशिरा या धंद्यात आलेला, त्यामुळे वयाचा फायदा मिळून बऱ्यापैकी वरती होतो. यादीत शिकागो नव्हतंच. माझ्या आधीच्या दोघातिघांनी भराभर मायामी उचललं आणि मी ७३७ न्यूयॉर्क घेतलं. शेजारचा म्हणाला, न्यूयॉर्क? वेडा आहेस का?

न्यूयॉर्क बहुतेक कंपन्यांत सगळ्यात ज्युनिअर बेस असतो. महागडं शहर, ट्रॅफिक, उन्हाळ्यात वादळांनी रोज तासन् तास डिले, वर जेएफके, लागार्डिया आणि न्यूअर्क ही तिन्ही एअरपोर्ट बऱ्याचदा एकाच बेसमध्ये मोडतात, म्हणजे ट्रिप एकीकडून सुरू होऊन दुसरीकडे संपू शकते. ज्याला जमेल तो तिथून बाहेर पडतो, म्हणून जागा सतत रिकाम्या होत राहतात आणि नवीन माणूस तिथेच लागतो. पण माझं गणित वेगळं होतं आणि माझ्या मते हे गणित प्रत्येक नवीन पायलटने मांडायला हवं. आमच्या कंपनीची ७३७ शिकागोलाही भरपूर आहेत. त्याच विमानावर, त्याच खुर्चीत नुसतं शहर बदलायचं असेल तर नवीन ट्रेनिंग लागत नाही, अवॉर्ड झाला, म्हणजे मागितलेली जागा मिळाली, की ठरलेल्या तारखेपासून तुमचा बेस बदलतो, विषय संपला. विमानाचा टाईप बदलायचा तर सिम्युलेटर धरून दीड-दोन महिन्यांचा कोर्स, त्याची तारीख मिळेपर्यंत थांबायचं आणि कोर्स झाल्यावर लॉक, म्हणजे ठरावीक काळ तिथून हलता येत नाही, कारण कंपनीने तुमच्या ट्रेनिंगवर मोठा खर्च केलेला असतो. मायामीची एअरबस घेतली असती तर हवामान झकास मिळालं असतं, पण शिकागोला आमची एअरबस फारशी नाही. तिथून घरी यायचा रस्ता विमान बदलूनच गेला असता.

आता असं का असतं, सगळ्या टाईपची विमानं सगळ्या शहरांत का नसतात, तर त्याला कारणं आहेत. एक पायलट एका वेळी एकच टाईप उडवतो. ७३७-८०० आणि ७३७ मॅक्स एकत्र चालतात, ७५७ आणि ७६७ चालतात, ए३१९ ते ए३२१ चालतात, पण आज बोइंग आणि उद्या एअरबस असं एअरलाईनमध्ये होत नाही. त्यात ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झालीच पाहिजेत, नाहीतर आधी सिम्युलेटरला जाऊन या. म्हणजे प्रत्येक शहरात प्रत्येक टाईपसाठी वेगळा पायलटांचा ताफा, त्यावर कोणी आजारी पडला तर वेगळे रिझर्व्ह. पाचसहा विमानांसाठी चार शहरांत रिझर्व्ह बसवून ठेवणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही, म्हणून छोटी फ्लीट एकदोन बेसवरच ठेवतात आणि बाकी शहरांतून ते विमान उडलं तरी क्रू बाहेरून येतो. मोठी वाईडबॉडी (लांब पल्ल्याची रुंद विमानं) अर्थातच जिथून समुद्रापार फेऱ्या जास्त तिथे. भारतातही तेच दिसतं, एअर इंडियाची ए३५० २०२४ मध्ये सेवेत आली आणि तिच्या लंडन, न्यूयॉर्कच्या फेऱ्या दिल्लीहून सुरू झाल्या, मुंबईत राहणाऱ्या पायलटला ते विमान हवं असेल तर दिल्लीचा विचार करावाच लागणार.

दुसरं कारण मर्जर. युनायटेड आणि कॉन्टिनेंटल २०१० मध्ये एक झाल्या, तेव्हा कॉन्टिनेंटलची ह्यूस्टन आणि न्यूअर्क ही हब पूर्ण बोइंगची होती आणि एअरबस फक्त जुन्या युनायटेडकडे. कागदावर कंपनी एका दिवसात एक होते, पायलटांची सिनिऑरिटीची एक यादी व्हायला २०१३ उजाडलं. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्टच्या पायलटांचं भांडण तर २००५ च्या मर्जरनंतर कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं चाललं, कारण यादी कशी जोडली यावर माणसाचं अख्खं करिअर अवलंबून असतं. याच्या उलट साउथवेस्ट, सगळी ७३७, तिथे विमान कुठलं हा प्रश्नच नाही, बिड (म्हणजे जागेसाठी पसंती टाकणं) फक्त शहरासाठी. मला विचाराल तर कुटुंब असलेल्या माणसाने ही गोष्ट नोकरीचा अर्ज करतानाच बघावी.

तर मी न्यूयॉर्कला लागलो आणि शिकागोहून कम्यूट सुरू झाला. अमेरिकेत हे फार कॉमन आहे, राहायचं एका शहरात आणि बेस दुसऱ्या. ड्यूटी बेसपासून मोजतात, शिकागोच्या ओ'हेअर एअरपोर्टहून न्यूयॉर्कला पोचणं हा तुमचा खासगी मामला. सीट रिकामी असेल तर सीट, नसेल तर कॉकपिटमधली जंपसीट, म्हणजे जादा खुर्ची, आणि तीही आधीच कोणी घेतली असेल तर पुढच्या फ्लाईटची वाट बघा. कराराप्रमाणे रिपोर्टिंगच्या आधी पोचणाऱ्या दोन फ्लाईट धरून निघालात आणि तरी चुकलात तर संरक्षण आहे, म्हणून मी कायम दोन फ्लाईटचा हिशोब करायचो, म्हणजे सकाळच्या रिपोर्टिंगसाठी आदल्या संध्याकाळी घर सोडायचं. मुलगी डबा उघडून काय दिलंय बघत असायची आणि मी बॅग घेऊन दारात, हे दृश्य आमच्याकडे रोजचंच झालं होतं.

राहायला न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या क्यू गार्डन्सला क्रॅशपॅड, म्हणजे क्रूसाठीची झोपायची सामायिक जागा, घेतला. या भागाला पायलट आणि केबिन क्रू गमतीने क्रू गार्डन्स म्हणतात, इतके आमचे लोक तिथे. एका खोलीत तीन बंक बेड, प्रत्येक बेडला स्वतःचा पडदा, पडद्याच्या आत एक छोटा दिवा आणि चार्जर. ज्याला कोल्ड बंक म्हणतात तो बेड फक्त तुमचा, हॉट बंक म्हणजे जो मोकळा असेल तो, आपली चादर आपण आणायची. मी कोल्ड बंक घेतला, महिन्याला पैसे जास्त गेले पण पहाटे दोनला येऊन बेड शोधत फिरण्यापेक्षा बरं. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर नाव आणि तारीख, माझ्या डब्यात बायकोने दिलेले मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी, बहुतेक वेळा तेच रात्रीचं जेवण. जेएफकेला जायला क्यू १० बस.

थकव्याबद्दल मुद्दाम लिहितो, कारण बेसच्या चर्चेत हे मागे राहतं. १२ फेब्रुवारी २००९ ला न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं कोलगन या रीजनल कंपनीचं क्यू४०० विमान पडलं, ५० माणसं गेली. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनने स्टॉलच्या (वेग कमी होऊन पंखांची उचल जाण्याच्या) इशाऱ्याला दिलेला चुकीचा प्रतिसाद हे होतं, पण चौकशीत दोघांचा बेस न्यूअर्क आणि घरं लांब हेही समोर आलं, फर्स्ट ऑफिसर सिअ‍ॅटलहून रात्रभर प्रवास करून आली होती आणि कॅप्टनचं घर फ्लोरिडात. त्यानंतर आरामाचे नियम बदलले, २०१४ पासून ड्यूटीच्या आधी १० तास विश्रांती सक्तीची आहे, आणि उडायला फिट आहोत का हे पायलटने स्वतः सांगायचं असतं. पण कम्यूटचे तास कोणी मोजत नाही. त्यामुळे मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता, रात्रीची झोप बेसच्या शहरातच, सकाळी उठून शिकागोहून निघून त्याच दिवशी ड्यूटी नाही. त्यात घरची एक एक रात्र जायची, बायको वैतागायची, पण हा नियम मी मोडला नाही.

सुरुवातीला रिझर्व्हवर होतो, फोन आला की दोन तासांत हजर, म्हणजे रिझर्व्हचे सगळे दिवस क्यू गार्डन्सलाच काढायचे. पण न्यूयॉर्क ज्युनिअर असल्याचा फायदा इथे कळतो. लोक वरून निघून जातात, खालून नवीन येतात आणि तुम्ही त्या बेसच्या यादीत भराभर वर सरकता. महिन्याचं शेड्यूल पीबीएस नावाच्या सिस्टीममध्ये बिड करून मिळतं, तेही सिनिऑरिटीप्रमाणेच, पण तुमच्या बेसच्या, तुमच्या टाईपच्या, तुमच्या खुर्चीच्या लोकांमध्ये. कंपनीतला एकूण नंबर किती यापेक्षा त्या छोट्या यादीत तुम्ही वरून किती टक्क्यांवर आहात हे बघायचं. मला लवकरच लाईन, म्हणजे रिझर्व्हऐवजी महिन्याचं ठरलेलं शेड्यूल, मिळाली, मग पहिल्या दिवशी दुपारनंतर सुरू होणाऱ्या आणि शेवटच्या दिवशी दुपारीच संपणाऱ्या ट्रिप्स मागायला लागलो, म्हणजे एका रात्रीचा क्रॅशपॅड वाचतो.

मग व्हेकन्सी बिड आली. कुठल्या पोझिशनला किती जागा ते कंपनी जाहीर करते, तुम्ही पसंतीक्रम टाकून ठेवता आणि ठरलेल्या दिवशी कॉम्प्युटर सगळ्यात सिनिअर पायलटपासून खाली एकेकाची पसंती लावत येतो. वरच्या एकाने जागा सोडली की ती रिकामी, तिच्यावर दुसरा, त्याच्या जागेवर तिसरा, म्हणून यादीत शून्य दिसणाऱ्या जागेसाठीही बिड टाकून ठेवायची असते. याच्या उलट प्रकार म्हणजे डिस्प्लेसमेंट. २०२० मध्ये डेल्टाने ट्रिपल सेव्हन (७७७) काढलं, अमेरिकनने ७५७, ७६७ आणि ए३३० काढली, तेव्हा त्या विमानांवरचे सिनिअर लोक दुसऱ्या टाईपवर उतरले आणि त्यांच्या खालच्यांना ढकलत गेले. वाईडबॉडीचं आकर्षण मलाही आहे, पण फ्लीट छोटी असेल तर हा धोका धरूनच चालावं.

माझ्यासमोर दोन पर्याय होते. शिकागो ७३७ फर्स्ट ऑफिसर, जिथे मी यादीत अगदी तळाला असणार होतो, म्हणजे परत रिझर्व्ह. आणि न्यूयॉर्क ७३७ कॅप्टन. हो, कॅप्टन, कारण त्या काळात मोठ्या कंपन्यांत ज्युनिअर बेसच्या कॅप्टनच्या जागा भरतच नव्हत्या, २०२३ मध्ये बातम्यांतही आलं होतं. पगार एकदम उडी मारणार. पण ज्युनिअर कॅप्टन म्हणजे रिझर्व्ह, सणवार सगळे न्यूयॉर्कला, शिवाय अपग्रेड कोर्स आणि लॉक. बायकोशी दोन-तीन रात्री यावरच बोलणं चाललं. ती म्हणाली, "कॅप्टनचे चार पट्टे आले तर मला आनंदच आहे, पण तू घरी कधी दिसणार तेवढं सांग." आईला फोनवर सांगितलं तर तिचा एकच प्रश्न, "जेवायला घरी येशील ना कशात?" मी शिकागो एक नंबरला टाकलं, न्यूयॉर्क कॅप्टन टाकलंच नाही.

अवॉर्डची पीडीएफ आली तेव्हा मी लागार्डियाच्या क्रू रूममध्ये होतो. सगळे आपापल्या फोनवर नाव शोधत होते, माझा एम्प्लॉयी नंबर शिकागो ७३७ एफओच्या (फर्स्ट ऑफिसरच्या) खाली, शेवटून दुसरा. माझ्या बॅचमधल्या एकाने न्यूयॉर्कची कॅप्टनची सीट घेतली, तो लाँग आयलंडला राहतो, घरातून गाडीने जातो, त्याच्यासाठी तेच योग्य होतं आणि मी मनापासून त्याचं अभिनंदन केलं.

आता परत रिझर्व्हवर आहे, पण फोन आला की नेपरव्हिलहून गाडी काढतो, ओ'हेअरला एम्प्लॉयी पार्किंगमध्ये लावतो आणि बसने टर्मिनलला. बर्फ असेल तर जरा आधी निघतो. शिकागोत वर सरकायला वेळ लागतोय, इथले लोक हलत नाहीत, वरचे ६५ ला रिटायर होतील तशीच जागा होणार. भाच्याला मी एवढंच सांगितलंय की मुलाखतीला जाशील तेव्हा कंपनीच्या विमानांचे फोटो बघायच्या आधी तुझ्या शहरात त्यांचा कुठल्या टाईपचा बेस आहे आणि किती मोठा आहे ते शोधून काढ. शिकागो ७३७ कॅप्टनसाठी माझी बिड कायम टाकलेली आहे, सध्याच्या वेगाने अजून काही वर्षं तरी लागतील.