बोटीला रकाना नाही : नागपुरात फायबरची बोट दुरुस्त करण्याचा माझा अनुभव

मामाची बोट पुन्हा पाण्यात गेली. तिची फाईल मात्र अजून कुठल्या तरी टेबलावर आहे. पुढे कुणावर अशी वेळ आली तर कामी यावं म्हणून हे लिहितोय, आणि जरा माझं डोकं शांत व्हावं म्हणूनही.

मामा नागपूरजवळच्या एका तलावावर मासेमारी करतो, तिथल्या मच्छीमार संस्थेचा जुना सभासद आहे. बोट चौदा फुटी, फायबरची. तो अजून तिला डोंगाच म्हणतो. मी राहतो मानेवाड्याला, आणि घरातलं कागदपत्राचं काम फिरून फिरून माझ्याकडेच येतं. मे महिन्यात एका संध्याकाळी गारांसकट अशी हवा सुटली की काठावर पालथी घातलेली बोट उचलली गेली आणि बांधाच्या दगडी पिचिंगवर जाऊन आपटली. पुढच्या टोकाजवळ डाव्या अंगाला हातभर चीर, आरपार. हाताचं बोट घातलं तर पलीकडे निघत होतं. बसायच्या पाटाखालची फोमची पेटीही फुटली होती.

"एमसील भर अन् सोड पान्यात," मामा म्हणाला.

मी त्याला थांबवलं, कारण नैसर्गिक आपत्तीत मच्छीमारांच्या बोटींनाही मदत मिळते हे मला माहीत होतं. केंद्राच्या 2022-23 ते 2025-26 च्या निकषांत ते स्पष्ट लिहिलं होतं: बोटीचं अंशतः नुकसान झालं तर दुरुस्तीला 6,000 रुपये, पूर्ण गेली तर 15,000. जाळ्याला अनुक्रमे 3,000 आणि 4,000. रक्कम फार नाही, पण मामासाठी सहा हजार म्हणजे सहा हजार. अट एवढीच, त्याच नुकसानीसाठी दुसऱ्या सरकारी योजनेतून पैसे घेतलेले नकोत, आणि तिथे पात्रही असायला नको. पंचनामा करून घ्यायचा, एवढंच तर काम!

गावात पंचनामे सुरूच होते. टिनाची छपरं उडाली होती, संत्र्याचा आंबिया बहार गळून पडला होता, एकाची म्हैस झाडाखाली दगावली होती. पंचनामा करणारे साहेब आले, बोटीकडे बघितलं, हातातल्या फॉर्मकडे बघितलं. घर, गोठा, पीक, फळबाग, जनावर. बोटीला रकानाच नव्हता.

"इतरमध्ये लिहा ना साहेब."

"इतरमध्ये लिहिलं का वरून परत येते. तुम्ही मासेमारीवाल्यांच्या हापिसात जा."

गेलो. तिथे ऐकायला मिळालं की पंचनामा महसूलवाल्यांनी करायचा असतो, यांचं काम फक्त शिफारशीचं. पंचनामा आणा, शिफारस देतो. परत पहिल्या ऑफिसात आलो तर ते म्हणाले, आधी शिफारस आणा, मग पंचनामा. सिव्हिल लाइन्सच्या उन्हात मी किती वेळा या टोकाहून त्या टोकाला गेलो ते मोजलं नाही, पण दोन्हीकडच्या चपराशांशी ओळख झाली. एक टेबलवाले तर हसूनच म्हणाले, "बोट? नागपूर जिल्ह्यात? हे कोकणातलं प्रकरण दिसते." विदर्भात मालगुजारी तलाव किती आणि त्यांच्यावर पोट भरणारी ढिवरांची घरं किती, हे त्यांना मी काय सांगणार! बोटीचा रजिस्ट्रेशन नंबर विचारला, नाही म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. तलावातल्या हाताने वल्हवायच्या बोटीला कुठला आलाय नंबर? शेवटी संस्थेच्या लेटरहेडवर दाखला घेतला, की अमुक सभासद, अमुक मापाची, अमुक रंगाची फायबर बोट याच्या मालकीची आहे. तो चालला. हा दाखला पहिल्याच दिवशी घ्या.

याहून मोठी अडचण कारणाची निघाली. अर्जात मी सरळ लिहिलं होतं, 'जोराच्या हवेमुळे'. पण मदतीच्या यादीत नुसती हवा बसत नाही. केंद्राच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, पूर आहे. राज्याने त्यात अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग घातली आहे. नागपुरात चक्रीवादळ कुठून आणणार? आमच्याकडे त्या संध्याकाळी गारा खरंच पडल्या होत्या, शेजारच्या बहाराचा पंचनामाही गारपिटीखालीच झाला होता. मग 'गारपीट व अवेळी पावसासह आलेल्या वाऱ्यामुळे' असा दुसरा अर्ज दिला, सोबत शेजाऱ्याच्या पंचनाम्याची प्रत जोडली. तुमच्या नुकसानीच्या तारखेचा गावातला दुसरा कुठला पंचनामा मिळाला तर तो सोन्यासारखा जपा.

मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. दोन्हीकडून एकच तंबी, पंचनामा होईपर्यंत बोटीला हात लावायचा नाही. म्हणजे पंचेचाळीस डिग्रीच्या कोरड्या उन्हात, जेव्हा फायबर आतून खडखडीत वाळलं असतं, तेव्हा बोट नुसती पडून. सगळा मे गेला, मृग लागलं, आभाळ भरून यायला लागलं, आणि ही चीर तशीच आ वासून. तळं आटलेलं असतं तेव्हाच मासळी चांगली लागते. ते दिवस मामा दुसऱ्याच्या डोंग्यावर अर्ध्या वाट्याने गेला. रोज संध्याकाळी त्याचा फोन: "बाप्पा, काय लिवायचं ते लिव, पन माहा डोंगा पान्यात कवा पडन ते सांग."

नुकसान वाढू न देणं म्हणजे पुराव्याशी छेडछाड नव्हे, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. चिरेवर टेप धरून लांबून, जवळून, आतून, बाहेरून, तारीख-ठिकाण छापून येईल असे फोटो काढले. बोट चार विटांवर पालथी ठेवली, वरून ताडपत्री, पण दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी. ताडपत्री घट्ट गुंडाळली तर आतली वाफ फायबरमध्येच मुरते. फुटलेल्या पेटीतला फोम मात्र काढून टाकला, तो पाण्याने इतका जड झाला होता की पिळून बादली भरली असती. याचेही फोटो आहेत. कुणी विचारलं नाही.

शेवटी निकषांचं मच्छीमारांवरचं पान छापून, पिवळ्या पेनने ओळी रंगवून मी एका वरिष्ठांसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं. फार बोलले नाहीत, 'इतर'मध्ये घ्या म्हणाले. एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी कुणी बोललं असतं तर! पंचनामा दहा-पंधरा मिनिटांत आटोपला.

आता दुरुस्तीचं. नागपुरात बोट दुरुस्त करणारा शोधू नका, फायबरचे कुलर बनवणारा शोधा. काम तेच, मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि ती भिजवून कडक करणारं रेझिन. हिंगणा रोडवर एक भाऊ भेटला. मेमध्ये त्याला कुलरमुळे श्वास घ्यायला फुरसत नसते. पाऊस पडला की तो मोकळा, त्यामुळे उशिराचा एवढा तरी फायदा झाला. त्याने खिशातून नाणं काढून बोटीवर ठोकत ठोकत फेरी मारली. चांगल्या जागी टणटण, चिरेच्या आसपास वीतभर बद्द आवाज. तिथे थर आतून सुटलेले. त्याने तेवढा भाग खडूने आखला, आखलेला भाग चिरेपेक्षा तिप्पट निघाला.

"पानी अंदर असन तं कितीबी लेप मारा जी, फोड येईनच. आधी वाळू द्या."

वाळलं का ते बघायचं सोपं आहे. पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवायचा, दुसऱ्या दिवशी आतून घाम दिसला तर थांबायचं. आम्हाला शेडमध्ये आणून, हॅलोजन दूर धरून बरेच दिवस थांबावं लागलं. मेमध्ये हे फुकटात झालं असतं, हे मी पुन्हा सांगणार नव्हतो, पण सांगितलं.

मग ग्राइंडर. सुटलेलं सगळं काढायचं, आणि कडा सरळ न कापता उतरती घासायची, जाडीच्या बारा पट. आमची बॉडी पाच मिलिमीटर, म्हणून चिरेच्या प्रत्येक बाजूला सहा सेंटिमीटर उतार. नवं फायबर जुन्यावर नुसतं चिकटून बसतं, मिसळत नाही, म्हणून जेवढी जागा जास्त तेवढी पकड. हे करताना मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच. काचेची धूळ अंगात शिरली की रात्रभर खाज येते. आंघोळ आधी गार पाण्याने करा, गरम पाण्याने नाही.

आतल्या बाजूने मेण चोळलेला सनमायकाचा तुकडा आधाराला लावला, बाहेरून थर चढवले. साडेचारशे ग्रॅमची मॅट, मधे एक विणलेलं रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं कापड), परत मॅट. एका मॅटचा साधारण एक मिलिमीटर धरा. रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट. जास्त ओतलं म्हणून ताकद वाढत नाही, उलट ठिसूळ होतं. प्रत्येक थरावर लोखंडी चरांचा रोलर फिरवून हवा काढायची, पांढरा ठिपका राहिला की तिथे हवा अडकली समजा. भाऊ न बोलता एक एक ठिपका रोलरने कडेपर्यंत ढकलत नेत होता, ते बघत बसलं तर माझा सगळा राग उतरला. आधार काढल्यावर आतूनही दोन थर दिले.

रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर घालतात, त्याचं प्रमाण एक ते दोन टक्के. नागपूरच्या उकाड्यात एकाच्या आसपास ठेवा आणि काम सकाळी लवकर उरका, नाहीतर डब्यातच रेझिन गोठून वाफा काढायला लागतं. थोडं थोडंच कालवा, पसरट भांड्यात. आणि हे नीट वाचा: रेझिनला कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) वेगळं घालायचं असेल तर ते आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. इतवारीतून आणलेल्या आमच्या रेझिनमध्ये ते आधीच होतं, म्हणून तो प्रश्न आला नाही. विकत घेतानाच विचारून घ्या. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावूनच हाताळा.

शेवटचा थर हवेमुळे वरून चिकट राहतो. त्यावर मेण घातलेला जेलकोट (रेझिनचाच बाहेरचा रंगीत लेप) दिला की नीट वाळतो. गाडीला लावतात ती लांबी पाण्याखालच्या भागाला भरू नका, पाणी पिते. मामाने आणून ठेवली होती, मी परत पाठवली. फोमच्या पेटीत नवा फोम भरून ती बंद केली, कारण बोट उलटली तर तरंगत ठेवते ती हीच.

साहित्य आणि मजुरी मिळून सहा हजारांच्या बरंच वर गेलं. पंचनामा झाला, यादीत नाव चढलं असं सांगतात. विशिष्ट क्रमांक आला की सेतू केंद्रात जाऊन आधारची ई-केवायसी करायची आणि पैसे थेट खात्यात येतात. क्रमांक अजून आलेला नाही. मामाचं आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का, हे मी आधीच तपासून घेतलंय. तुम्हीही घ्या, तिथेच अडवतात.

उरलेल्या हार्डनरची बाटली उन्हात किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. थंड, सावलीच्या जागी ठेवा, रेझिन आणि कोबाल्टपासून लांब. आमची भाऊच्या शेडमध्येच आहे, मामाच्या हाती दिली नाही.