हे कोणाले सांगते?

पुसद तालुक्यातल्या बन्सी ग्रामपंचायतीनं नोव्हेंबर 2022 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी मोबाईलबंदीचा ठराव केला, तेव्हा पेपरात बरंच छापून आलं होतं. पोरांचं रील्स-शॉर्ट्स पाहणं थांबवणारं ॲप आम्ही बनवत होतो. दारव्हा तालुक्यातल्या ज्या सरपंचांनी त्यासाठी आम्हाला बोलावलं, त्यांची अडचण वेगळी होती. "आमचे पोट्टे अठराच्या वरचे हायेत ना भाऊ. त्यायले ठराव काय दाखवता?"

हे पोट्टे पोलीस भरतीचे. पहाटे सोळाशे मीटर धावायचे, मग अंघोळ करून अभ्यासिकेत. लेक्चर यूट्यूबवर, आणि खरी गोम तिथंच. टिकटॉकवर जून 2020 मध्ये बंदी आली. जुलैत इन्स्टावर रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबवर शॉर्ट्स. म्हणजे गणिताचं लेक्चर आणि शॉर्ट्स एकाच ॲपमध्ये राहायला आले. ॲपला कुलूप लावलं की लेक्चरही बंद. बापाचं बोंडअळीवरच्या फवारणीचं व्हिडिओ पाहणंही बंद.

आम्ही तिघं अमरावतीत बसून जे ॲप बनवत होतो त्याचं काम म्हणून एवढंच: यूट्यूब चालू ठेवायचं, शॉर्ट्सचा पडदा आला की मागे ढकलायचं. ऐकायला सोपं आहे. पण कोणतं ॲप किती वेळ उघडं होतं, एवढंच अँड्रॉइड साध्या परवानगीवर सांगतं. त्या ॲपच्या आत कोणता पडदा चालू आहे हे कळायला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी लागते. ती मुळात अंध आणि अपंग माणसांना फोन वापरता यावा म्हणून केलेली. ती दिली की ॲपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात.

दिवस कापूस वेचणीचे होते. अभ्यासिका म्हणजे जुन्या समाजमंदिराची खोली, भिंतीला टेकवलेले बाक, एकाच बोर्डात खुपसलेले सात-आठ चार्जर. प्ले स्टोअरवरून चाचणी करायची तर प्रत्येकाचा जीमेल लागतो. तो बहुतेकांना मोबाईलच्या दुकानदारानं काढून दिलेला, पासवर्ड त्यालाच ठाऊक. शेवटी मी ग्रुपवर एपीके, म्हणजे प्ले स्टोअरविना थेट ॲप टाकायची फाइल, टाकली आणि म्हटलं, दाबा.

आता अँड्रॉइड 13 पासून एक सोय आहे. बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी द्यायला गेलं की फोन सरळ नकार देतो, तुमच्या सुरक्षेसाठी ही सेटिंग बंद आहे म्हणतो. ती उघडायची तर ॲपच्या माहितीत जाऊन, वरच्या तीन ठिपक्यांवर दाबून परवानगी द्यावी लागते. मी पोरांना तेच शिकवत होतो. तीन ठिपके, हां, आता "अनुमती द्या".

"अस्संच सांगितलं होतं त्यानं बी."

दारात एक काकू उभ्या होत्या. वेचणीहून आलेल्या, कमरेला ओटीचा कपडा तसाच बांधलेला, बाह्यांना कापसाचे धागे चिकटलेले. मुलाला बोलवायला आल्या होत्या. हातात घरचा फोन. पारदर्शक कव्हरच्या आत गजानन महाराजांचा फोटो आणि मागे घडी केलेली दहाची नोट.

"कोणी, काकू?"

"फोनवाल्यानं. पीएम किसानची फाइल आली होती व्हाट्सॲपवर. यायच्या बाबानं दाबली. थो फोनवर सांगत गेला, हे दाबा, थे दाबा. सोयाबीनचे पैसे गेले सारे."

योजनेच्या नावानं फिरणाऱ्या या खोट्या एपीके मला माहीत होत्या. एसएमएस वाचायची परवानगी घेतात, ओटीपी उचलतात, खातं रिकामं. काकू माझ्यावर आरोप करत नव्हत्या. आवाजात राग नव्हता, चौकशी होती.

"तुमचं ॲप काय पायते?"

"स्क्रीन."

"मंग पायलेलं कोणाले सांगते?"

"कोणालाच नाही."

"थो बी असाच म्हणे."

पोरं हसली. मी हसलो नाही, कारण प्रश्न चोख होता. माझ्याकडे उत्तर म्हणून होतं ते गोपनीयता धोरणाचं इंग्रजी पान. ते काकूंना दाखवणं म्हणजे त्यांच्या प्रश्नाचा अपमान झाला असता.

त्यांच्या मुलानंच ॲपच्या परवानग्यांची पूर्ण यादी उघडली आणि मोठ्यानं वाचू लागला. त्यात इंटरनेटची होतीच. जवळजवळ प्रत्येक ॲपमध्ये ती असते, आणि अँड्रॉइड ती देताना वापरणाऱ्याला विचारतही नाही. आमच्यात ती होती एका लायब्ररीपायी, म्हणजे ॲप बंद पडलं की आम्हाला अहवाल पाठवणाऱ्या तयार कोडपायी.

"थे काढून टाका ना मंग," काकू म्हणाल्या. पोरं रील्स पाहतात ते ओळखायला नेट कशाला, असा त्यांचा सरळ हिशोब. हिशोब बरोबरही होता. पडदा ओळखायचं काम सगळं फोनच्या आतच होतं.

अमरावतीला फोन लावला. जोडीदार चिडला. नेट काढलं तर किती जण वापरतात कळणार नाही, बिघाड कळणार नाही, उद्या जाहिराती टाकायच्या म्हटलं तरी दार बंद. त्याचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीनं अगदी खरं. पण ज्या धंद्यानं या पोरांचा वेळ मोजून मोजून विकला, त्याचीच मोजपट्टी आपण हातात का धरायची, असं मला तिथं बसून वाटलं, आणि मी तसं बोललो. तो म्हणाला, "कर बाबा."

बाकावर लॅपटॉप ठेवून लायब्ररी काढली. मॅनिफेस्टमधली, म्हणजे ॲपच्या परवानग्या लिहिलेल्या फाइलमधली, एक ओळ उडवून भागत नाही. दुसरी एखादी लायब्ररी तीच परवानगी मागच्या दारानं आणते, म्हणून "ही काढूनच टाक" असं स्पष्ट लिहावं लागतं. मधेच लाइन गेली. बॅटरीवरच नवीन ॲप तयार झालं. मुलानं नवीन एपीके टाकून यादी परत वाचली. इंटरनेट नव्हतं.

मागच्या बाकावरच्या एका पोट्ट्यानं मात्र पकडलंच. "भाऊ, तुमच्या ॲपनं क्रोम उघडून त्याच्यातून पाठवलं तं?"

पाठवता येतं, मी म्हटलं. पण मग क्रोम तुझ्या डोळ्यांसमोर उघडेल. तो म्हणाला, "मी पाहत राहीन." भरतीत हा पोरगा लागावा अशी माझी फार इच्छा आहे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: "याच्या फोनात टाका. घरच्या फोनात नको." घरच्या फोनावर धाकटा रील्स पाहतो हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. तरी नको. त्यात बँकेचं आहे. मी आग्रह केला नाही.

मुलाच्या फोनवर चालू केलं. त्यानं शॉर्ट्स दाबलं आणि ॲपनं त्याला लगेच बाहेर काढलं. परत दाबलं, परत बाहेर. "अबे, हे तं मायपेक्षा बेक्कार हाय!" काकूंनी त्याला वेचणीला हाकललं.

नेट काढल्याची किंमत पुढे मोजावी लागली. यूट्यूबनं अपडेटमध्ये आतल्या पडद्याचं नाव बदललं की आमचं ॲप गोंधळतं. इतर ॲपवाले अशी दुरुस्ती सर्व्हरवरून गुपचूप पाठवतात. आम्हाला प्रत्येक वेळी नवी आवृत्ती काढावी लागते, आणि बिघाड झाल्याचं कळतं ते व्हॉइस नोटवरून. पहिली त्याच पोराची होती: "भाऊ, लेक्चरच्या मधातच बाहेर काढून रायलं ना बाप्पा, टक्केवारी चालू होती." त्या रात्री मी तेच दुरुस्त करत बसलो होतो.