आमच्या शाळेच्या लायब्ररीची कुलपं काढली, त्याचा अनुभव

पुण्यात पेठेतल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी मराठी शिकवते. पट कमी होत गेला तसं आमच्याकडचं ग्रंथपालाचं पद राहिलं नाही, शेवटचे ग्रंथपाल सर रिटायर झाले आणि २०२२ च्या जूनमध्ये मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं की लायब्ररीचा चार्ज आता तुमच्याकडे. चार्ज म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, ११ कपाटं, दाखल रजिस्टरचे, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नंबरवार नोंद असते त्याचे, ४ जाडजूड खंड आणि एक देवघेवीची वही. शाळा कोविडमध्ये बंद होती ती वर्षं सोडून त्याआधीचं वर्ष मी वहीत बघितलं, मुलांच्या नावावर गेलेली पुस्तकं ३९. साडेपाचशे मुलांची शाळा आणि अख्ख्या वर्षात ३९ पुस्तकं, त्यातली निम्मी तर निबंधांची. त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही कारण मी स्वतः अशाच एका शाळेच्या लायब्ररीवर वाढलेली मुलगी आहे, आमच्या घरात पंचांग सोडून छापलेलं काही नसायचं.

आधीच्या सरांना दोष द्यायला सोपं आहे पण मी त्यांच्या घरी जाऊन बोलले. इतका नेटका माणूस! प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, आत शिक्का, आणि तो ठरलेल्या पानावरच, कुठलंही पुस्तक काढा. ते म्हणाले, बाई, पुस्तक हरवलं की जबाबदारी आपली असते, मी दोनदा पदरचे पैसे भरलेत. मग कळलं की कुलूप का लागलं. मुलांनी काचेतून बघायचं, कॅटलॉगच्या वहीत नाव शोधायचं, चिठ्ठी द्यायची, सर कपाट उघडून पुस्तक देणार. तेराचौदा वर्षांच्या पोराला आपल्याला काय वाचायचंय त्याचं नाव आधीच माहीत असतं का? पुस्तक हातात घेऊन चाळल्याशिवाय ते कसं कळणार?

पहिल्यांदा पडताळणी केली. नववीतली सहा मुलं-मुली आणि मी, शाळा सुटल्यावर रोज तासभर, जुलै-ऑगस्ट दोन महिने लागले, एक जण रजिस्टरमधला नंबर वाचणार, दुसरा पुस्तक शोधणार, तिसरा पेन्सिलीने खूण करणार. पुस्तकं लावलेली होती दाखल क्रमांकाने, म्हणजे ज्या वर्षी जे आलं ते त्या ओळीत, त्यामुळे भूतकथेच्या शेजारी भूमितीचं गाइड आणि त्याच्या शेजारी कुठल्यातरी संस्थेचा अहवाल. मागच्या भिंतीला ओल होती, तिथल्या दोन कपाटांत कसर लागलेली, पानं उघडली की ती चंदेरी किड पळायची आणि कागदाला जाळी. (ज्यांना हे करायचंय त्यांना एक सांगते, कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं तरी अंतर सोडा, हवा खेळली की निम्मा त्रास कमी होतो. आणि ओली पुस्तकं कडक उन्हात टाकू नका, कव्हरं वाकडी होतात, सावलीत पंख्याखाली उभी करून वाळवा.)

त्याच ओल्या कपाटात खालच्या खणात दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे बालभारतीच्या किशोर मासिकाचे बांधलेले जुने गठ्ठे, हे मासिक १९७१ च्या नोव्हेंबरपासून निघतंय. दुसरी म्हणजे शाळेची हस्तलिखितं, १९६८ पासूनची, मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली, वॉटरकलरची चित्रं, वर बटर पेपर. पडताळणीला बसलेली मुलं नंबर वाचायचं विसरून तिथेच फरशीवर बसली आणि एकमेकांना वाचून दाखवायला लागली. एकाने कुस्तीवर लिहिलेलं, एका मुलीने पानशेतच्या पुरात घर गेलं त्याची आठवण लिहिलेली, १२ जुलै १९६१ ला ती पाच वर्षांची होती. आमच्या मुलांना पानशेतचा पूर म्हणजे आजी कधीतरी बोलते तेवढंच माहीत, आणि इथे त्यांच्याच वर्गात बसलेल्या एका मुलीचं अक्षर. त्या दिवशी मला कळलं की मुलांना वाचायचा कंटाळा नाहीये, त्यांच्या हाताला काही लागत नाहीये.

मग निर्लेखन, म्हणजे निकामी पुस्तकं रीतसर नोंदीतून काढून टाकणं. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, एकाच पुस्तकाच्या बारा बारा प्रती, कसरीने खाल्लेली अशी मिळून सातशेच्या वर पुस्तकं काढायची होती. निर्लेखन म्हटलं की सगळे घाबरतात पण प्रक्रिया काही अवघड नाही, यादी करायची, प्रत्येकापुढे कारण लिहायचं, दोन-तीन शिक्षकांची समिती बघणार, शाळा समितीत ठराव, आणि दाखल रजिस्टरात त्या त्या नंबरापुढे लाल शाईने ठराव क्रमांक आणि तारीख. हे लाल शाईचं काम कंटाळवाणं आहे पण चुकवू नका, पुढच्या माणसाच्या डोक्यावर न सापडणाऱ्या पुस्तकांचं ओझं राहतं ते याचमुळे.

खरा प्रश्न कुलपांचा होता. मोठ्या बाई म्हणाल्या, उघडी ठेवू हो, पण गेली तर? मी तयारी करून गेले होते. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या, नियम २१५ मध्ये लायब्ररीबद्दल लिहिलंय की वर्षात दिलेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे ५ पुस्तकं गहाळ होणं वाजवी धरता येईल, त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसला पाहिजे, आणि हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करायचीच. हा नियम आमच्या शाळेला लागू नाही हे मी आधीच स्पष्ट सांगितलं. पण सरकार स्वतःच्या लायब्ररीत थोडी पुस्तकं जाणारच हे धरून चालतं तर आपण का नाही? शिवाय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली त्यातलं पहिलंच सूत्र पुस्तकं वापरण्यासाठी आहेत असं आहे आणि ते समजावताना त्यांनी युरोपात पूर्वी पुस्तकं साखळीने बांधून ठेवायचे त्याचीच गोष्ट सांगितलीय. मोठ्या बाईंनी दोन दिवस घेतले आणि शाळा समितीत ठराव करून घेतला की देवघेवीत पुस्तक हरवलं तर शिक्षकाकडून वसुली नाही आणि मुलाकडून दंड नाही. माझ्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच. रंग, बीनबॅग, भिंतीवरची चित्रं हे सगळं नंतरचं.

दिवाळीनंतर सहा कपाटांची दारं बिजागरीपासून काढली. मांडणी कशी करायची यावर बरंच डोकं चालवलं. विषयाला नंबर देऊन पुस्तकं लावायची ती ड्युईची दशांश पद्धत, तिच्यात मराठी साहित्याला ८९१.४६ येतो आणि आमची गोष्टीची जवळजवळ सगळी पुस्तकं त्याच नंबरात, मग मुलाला त्याचा काय उपयोग? नंबर कण्यावर ठेवले पण कपाटांवरच्या पाट्या मुलांना लिहू दिल्या. त्यांनी लिहिलं, भुताची, रडवणारी, खेळाडू, प्राणी आणि जंगल, खरी माणसं, आणि एक पाटी जी मला सुचलीच नसती, एका तासात संपणारी. ही पाटी आठवीतल्या एका मुलाची. आमच्याकडे आठवीत येऊनही अडखळत वाचणारी मुलं आहेत, बरीच आहेत, आणि त्यांना जाड पुस्तक हातात घ्यायची लाज नाही, भीती वाटते. त्या खणात पातळ पुस्तकं ठेवली, त्यात तिसरी-चौथीच्या मुलांचीही होती पण कुणालाच ते कळत नव्हतं कारण पाटीवर इयत्ता नव्हती. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त पुस्तकं त्याच खणातून गेली.

काही गोष्टी फसल्या. पुस्तक वाचून परीक्षण लिहा असं मी सुरुवातीला सक्तीचं केलं, मुलांनी मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून दिला आणि पुढच्या आठवड्यात देवघेव एकदम घसरली, मी ते बंद केलं. त्याऐवजी ऑफ तासाला जाऊन मी पुस्तक मोठ्याने वाचते, दहा मिनिटं, आणि ऐन रंगात आलं की मिटते. मग मधल्या सुट्टीत त्या पुस्तकासाठी नंबर लागतात, वहीत वेगळं पान आहे त्याचं. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आम्ही पूर्वी पुस्तक धरून फोटो काढून साजरा करायचो, आता त्या दिवशी पहिले दोन तास सगळी शाळा वाचते, शिपाई मामा आणि ऑफिसातले लोक सुद्धा.

नववी ब मधल्या एका मुलाबद्दल लिहायलाच हवं. पर्वतीच्या पायथ्याला राहतो, वडिलांचं इस्त्रीचं दुकान, वर्गात त्याचा आवाज नाही. त्याने सापांवरचं पुस्तक नेलं आणि पुन्हा पुन्हा तेच नेत राहिला. एकदा पावसात दप्तर भिजलं, पुस्तक पार ओलं झालं. दुसऱ्या दिवशी तो आला तर पुस्तक कोरडं, प्रत्येक पानाला पेपरचा कागद लावून त्याने रात्रभर इस्त्री केलेली. एका पानावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग उठलाय, नेमका मण्यारच्या चित्राशेजारी. मॅडम हे एक भाजलं, असं म्हणून उभा राहिला, डोळे खाली. मी त्याला म्हटलं, बस, आणि मला सांग यात आहे काय. तर पुढची वीस मिनिटं तो बोलत होता, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आणि घोणशीच्या अंगावरचे ठिपके कसे साखळीसारखे ओळीत असतात, लोकं तिला अजगराचं पिल्लू समजून हात लावतात. मधेमधे पुस्तकातली ओळ बोट ठेवून वाचत होता, अडखळत, पण सोडत नव्हता. पुढच्या आठवड्यात त्याने हेच पूर्ण वर्गाला सांगितलं.

पैशाचं म्हणाल तर १९९४ च्या दहावीच्या बॅचने १५,००० रुपये दिले. मी ठरवलं खरेदी मुलं करणार. आठ जणांना बसने अप्पा बळवंत चौकात नेलं, प्रत्येकाला हजार रुपये, उरलेल्यातून बाइंडिंगची आणि संदर्भग्रंथांची सोय. अटी दोनच, पाठ्यपुस्तक-गाइड नाही आणि घेतलेलं पुस्तक आणखी कोण वाचेल ते सांगता आलं पाहिजे. शाळेचं लेटरहेड दाखवलं की दुकानदार चांगली सवलत देतात, मुलांनी तीही हिशोबात धरली. एका मुलीने मोटरसायकल दुरुस्तीचं पुस्तक घेतलं कारण तिच्या भावासारखी चार मुलं वर्गात आहेत, मी कधीच घेतलं नसतं आणि आज त्याची पानं सुटायला आलीत इतकं ते फिरतंय.

काही सहकाऱ्यांचा विरोध होता, दहावीची मुलं गोष्टी वाचत बसतात म्हणून. तो पूर्ण गेलाय असं नाही. पालकसभेत एका आईने उठून सांगितलं की मुलगी रात्री आजीला वाचून दाखवते, आजीचा मोतीबिंदू आहे, त्यानंतर तो विषय जरा शांत झाला.

गेल्या वर्षी पहिल्यांदा उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तकं घरी दिली, प्रत्येकी तीन. एरवी मार्चमध्ये सगळी जमा करून कुलूप लागायचं आणि दोन महिने मुलांकडे काही नाही. ज्यांच्या घरी फोन आहे त्यांना किशोरचे जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट वाचता येतात तेही सांगितलं. जूनमध्ये वही मोजली, वर्षभरात १,७०० च्या वर देवघेव आणि २३ पुस्तकं परत आली नव्हती. हजाराला ५ च्या हिशोबाने हे जास्तच आहे आणि मी ते मोठ्या बाईंना लपवलं नाही. त्यातली ९ जुलैत आली, दोन तर गावाकडून एसटीने आलेल्या मामाच्या पिशवीतून. उरलेल्या १४ साठी आम्ही शाळेच्या जिन्याखाली एक खोकं ठेवलंय, कुणी विचारणार नाही, गुपचूप टाकायचं. परवा त्यात ३ मिळाली आणि एक असं पुस्तक मिळालं ज्यावर २००६ चा शिक्का आहे, ते कुणाचं ते अजून कळलं नाही, लाल शाईने काढलेला त्याचा नंबर आता पुन्हा दाखल कसा करायचा ते मी आधीच्या सरांना फोन करून विचारणार आहे.