कुंकळ्ळीहून फातर्प्याला, देवीच्या मागोमाग

फोंड्याला देवदर्शनाला गेलं की गोव्यातली मोठी देवळं एका दिवसात उरकतात. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, बांदिवड्याची महालक्ष्मी, रामनाथी, कवळ्याची शांतादुर्गा, सगळी हाकेच्या अंतरावर. शांतादुर्गा ही आमची कुलदेवता, त्यामुळे लहानपणापासून हा ठरलेला फेरा: ओटी भरायची, प्रसादाचं जेवायचं, संध्याकाळी मिरामारला भेळ. इतके देव एवढ्याशा तालुक्यात कसे काय जमले, हे घरात कधी कुणी विचारलं नाही.

यातलं जवळजवळ कुणीच इथलं नाही. मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळोशीची, म्हाळसा वेर्ण्याची, महालक्ष्मी कोलव्याची, रामनाथ लोटलीचा. बांदिवड्याचा नागेश तेवढा मूळचा. तिसवाडी तालुक्यातली देवळं पोर्तुगीजांनी 1540 च्या सुमारास पाडली, सासष्टीतली 1567 च्या आसपास. लोकांनी मूर्ती उचलल्या आणि जुवारी नदी ओलांडून आदिलशहाच्या मुलखात नेल्या. मुसलमान सुलतानाच्या राज्यात हिंदू देवांना आसरा मिळाला, हे आजच्या सोयीच्या इतिहासात नीट बसत नाही. पण झालं ते असं. कवळ्याचं आजचं देऊळ बरंच नंतरचं, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकात उभं राहिलेलं.

तेव्हा या खेपेला फोंडा सोडला आणि देव जिथून निघाले तिकडे गेले.

सुरुवात जुन्या गोव्यात. सी कॅथीड्रलच्या चौकालगत इन्क्विझिशनचा वाडा होता. लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणत. 1560 मध्ये ही धर्मअदालत बसली आणि मधली चार वर्षं सोडता 1812 पर्यंत चालली. वाडा एकोणिसाव्या शतकात पाडला आणि खटल्यांची बहुतेक कागदपत्रंही नष्ट केली गेली. आज तिथे हिरवळ आहे, सहलीची मुलं आहेत, शहाळीवाला आहे. जवळच ‘हातकातरो खांब’ आहे. तिथे लोकांचे हात तोडत, असं प्रत्येक गाइड रंगवून सांगतो. खांब जुन्या देवळाचा असावा असं त्याच्या घडणीवरून दिसतं. हात तोडण्याची गोष्ट मात्र इतिहासकारांना तितकीशी पटत नाही. मला तर त्या गोष्टीची गरजही वाटत नाही. 1736 चा इन्क्विझिशनचा जाहीरनामा पुरेसा आहे.

त्यात मनाई कशाकशाला होती पाहा. अंगणात तुळस लावायची नाही. मीठ न घालता भात शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात. बायकांनी चोळी घालायची नाही, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. म्हणजे शेजारणीने नुसतं चुलीवरच्या पातेल्यात डोकावून पाहिलं तरी ती साक्षीदार. आणि हे हुकूम होते कुणासाठी? बाप्तिस्मा झालेल्यांसाठी.

इथे आपली गाडी हमखास घसरते. इन्क्विझिशनचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच आजच्या गोव्यातल्या कॅथलिकांना जाब विचारला जातो. पण या अदालतीचा मुख्य अधिकार ख्रिस्ती झालेल्यांवर होता. हिंदू तिच्या कचाट्यात सापडत ते धर्मांतरात आडवे आले किंवा बाटलेल्याला परत फिरवलं अशा आरोपांवरून. सुरुवातीला रोख होता ज्यू वंशातून ख्रिस्ती झालेल्यांवर. वैद्य गार्सिया द ओर्ता यांचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. ते 1568 मध्ये वारले, पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला जाळलं, आणि 1580 मध्ये त्यांची स्वतःची हाडं थडग्यातून उकरून जाळली. मेलेल्या माणसालाही सुटका नव्हती. (पणजीतल्या चर्चसमोरच्या बागेला पुढे त्यांचंच नाव मिळालं.) नंतरच्या काळात कोठड्या भरल्या त्या गोव्यातल्याच नवख्रिस्ती कुळांनी. सोळा हजारांवर खटले झाले. आज ज्यांना जाब विचारला जातो, त्यांचेच पणजोबा-खापरपणजोबा त्यात आरोपी होते.

दुसऱ्या दिवशी मडगावहून बसने कुंकळ्ळीला. हमरस्त्यावरचं गाव, बाजार, मासळीचा वास, आणि रहदारीत सहज नजरेआड होईल असं एक स्मारक. 1583 च्या जुलैमध्ये इथे पाच जेझुइट पाद्री मारले गेले. बरोबरचे काही स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले, त्यांत मुलंही होती. प्रेतं विहिरीत टाकली गेली. तिथे आता सेंट फ्रान्सिस झेवियरचं चॅपेल आहे. पाद्री आले होते चर्चसाठी जागा बघायला आणि क्रूस उभारायला. त्याआधी गावातली देवळं फौजेने उद्ध्वस्त केली होती, आणि पाद्रींपैकी दोघे त्या मोहिमेत सामील होते.

त्यांचे म्होरके होते रुडॉल्फ अक्वाविवा. हे नाव वाचून मी थबकले. ते नुकतेच फत्तेपूर सिक्रीहून आले होते, 1580 पासून अकबराच्या दरबारात. तिथे मुल्ला, पंडित, जैन मुनी आणि हे पाद्री बादशहासमोर खुशाल एकमेकांची मतं खोडून काढत, आणि वाद संपला की सगळे धडधाकट घरी जात. कुंकळ्ळीला तोच माणूस आला तो देवळं पाडणाऱ्या सत्तेच्या बाजूने. अक्वाविवांनी स्वतः कुठलं देऊळ पाडलं नव्हतं. गावकऱ्यांना हे माहीत असायचं कारण नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्या दिवशी फरक पडला नसता.

सूड लगेच घेतला गेला. गावच्या सोळा गावकरांना, म्हणजे मूळ कुळांच्या पुढाऱ्यांना, बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे कापून काढलं. एक तेवढा निसटला. जमिनी जप्त होऊन एका पोर्तुगीज सरदाराच्या घराण्याकडे गेल्या. स्मारक आहे ते या गावकरांचं. पाद्रींना रोमने 1893 मध्ये ‘धन्य’ पद, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, दिलं. गावकरांची आठवण सरकारदरबारी पोचायला एकविसावं शतक उजाडलं. एकाच गावात दोन्ही बाजूंची स्मारकं उभी आहेत. मला हे बरं वाटलं. एकच असतं तर अर्धीच गोष्ट कळली असती.

स्मारकाजवळच्या दुकानात सोडा प्यायले. दुकानदार साठीचे, गळ्यात क्रूस. मी कुठून आले, काय बघायला आले, सगळं त्यांनी काढून घेतलं. फातर्प्याला जायचंय म्हटल्यावर रस्ता सांगितला, बस कुठे मिळेल ते सांगितलं, आणि मग म्हणाले, “आमीय गांवकारूच मरे.” आम्हीही गावकरच की. गावचे बारा वांगड, म्हणजे मूळ कुळं. त्यांतली बहुतेक पुढे ख्रिस्ती झाली. कुंकळ्ळीची शांतादुर्गा तेव्हा डोंगराआड फातर्प्याला नेली. पण वर्षातून एकदा, फाल्गुनात, ती पालखीतून जुन्या जागी परत येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या तिच्यापुढे नाचतात, गुलाल उधळतात. या सोंत्र्यांच्या उत्सवात ख्रिस्ती गावकरांचाही मान असतो. “तुम्ही जाता?” विचारलं, तर ते हसले. “जाऊक जायच मूं!” जायलाच हवं ना! आणि रविवारी चर्चमधली मीसही चुकवत नाहीत, हे मी न विचारताच सांगून टाकलं.

आपल्या घटनेच्या 25 व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे. यावर सध्या देशभर जे वाद चालतात, त्यांत माणूस कुठल्या तरी एकाच रकान्यात बसला पाहिजे हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेलं असतं. 1736 चा जाहीरनामाही तेच गृहीत धरून निघाला होता: बाप्तिस्मा झाला ना, मग तुळस कशाला? या दुकानदाराला तो प्रश्नच पडत नाही. त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं ते फॉर्म भरणाऱ्याने बघावं.

फातर्प्याचं देऊळ दुपारी शांत होतं. भटजींनी ओटी घेतली आणि गोत्र विचारलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मडगावहून काणकोणला जाणाऱ्या बस कुंकळ्ळीला थांबतात, पुढे फातर्प्याला लहान बस किंवा रिक्षा. सोंत्र्यांचा दिवस फाल्गुन पंचमीचा. त्या दिवशी पांढरे कपडे घालू नका आणि गाडी गावाबाहेरच लावा. फातर्प्यात शांतादुर्गेची देवळं दोन आहेत, एक फातर्पेकरणीचं आणि दुसरं हे. नुसतं ‘शांतादुर्गा’ म्हणालात तर रिक्षावाला हटकून पहिल्याशी नेऊन सोडेल. ‘कुंकळ्ळीकरीण’ असं सांगा.