‘रिकामे’ लिहिताना

२०१० च्या मे महिन्यात जनगणनेच्या घरयादीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी राजापूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होतो. ३५ रकान्यांच्या त्या तक्त्यात, घरात कोणी राहत नसेल आणि ते इतर कशासाठीही वापरात नसेल, तर ‘रिकामे’ लिहायचे होते; माणसे तात्पुरती बाहेरगावी असतील, तर ते ‘कुलूपबंद’. प्रशिक्षणात हा फरक मला अगदी सोपा वाटला होता.

वाडीच्या टोकाला एक कौलारू घर होते. मालक मुंबईला असतात आणि चार वर्षांत गणपतीलाही आलेले नाहीत, असे शेजारच्या काकींनी सांगितले, म्हणून ‘रिकामे’ असे पुटपुटत मी लिहू लागलो.

“गुरुजी, रिकामा कसा म्हनता? आत देव हायत,” असे म्हणून त्यांनी कमरेची किल्ली काढली.

आत माजघर शेणाने सारवलेले होते. देव्हाऱ्यात दिवा तेवत होता आणि त्यातले तेल काकींच्या घरचे होते. गणपतीच्या जागेवर माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर बांधतात ती लाकडी चौकट, अजून टांगलेली होती. तिला बांधलेली कवंडळे, ती रानफळे, सुकून काळी पडली होती. भिंतीशी भाताची कणगी होती. मी सहज आत डोकावलो, तर तळाशी मूठभर भात दिसला. कणगी रिती ठेवू नये, म्हणून तो दर हंगामात त्याच टाकत होत्या.

काकींचे स्वतःचे घर माझ्या तक्त्यात रीतसर ‘राहते’ होते. तिथे त्या एकट्याच राहत होत्या, आणि दिवेलागणीला आपले घर खायला उठते म्हणून याच बंद घराच्या ओटीवर येऊन बसत होत्या. तक्त्याला मी दोष देत नाही, कारण मोजणाऱ्याला शब्दाचा एकच अर्थ धरून चालावे लागते. पुढे आकडे जाहीर झाले, तेव्हा २००१ मध्ये १६,९६,७७७ असलेली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ वर आलेली दिसली, आणि मला त्या दोन ओट्या आठवल्या.

“काय लिवलात?” त्यांनी विचारले. मी खरे ते सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. मी दारावर गेरूने क्रमांक घालू लागलो, तेव्हा मात्र त्यांनी माझा हात धरला आणि चौकटीवरची हळदकुंकवाची बोटे पुसली जाणार नाहीत, इतके बाजूला लिहायला सांगितले.