पॅडमध्ये असतं तरी काय?

"मॅडम, पॅडनं कॅन्सर होतो म्हणतात, खरं का? मग पोरीला कपडाच देऊ का?"

पालकसभा संपते, बाकीचे पालक पांगतात, आणि एखादी आई दाराशी घुटमळत राहते. काय विचारणार ते मला आता चेहऱ्यावरूनच कळतं. मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही. पण मुलींशी पाळीबद्दल मोकळेपणानं बोलते हे गावात माहीत झालंय, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. दारात उभ्या उभ्या देण्यासारखं याचं उत्तर नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे, पॅड वापरल्यानं कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा, रक्तस्राव वाढावा म्हणून कंपन्या आत ॲस्बेस्टॉस घालतात असं सांगणारा मेसेज साफ खोटा आहे. तो पुढे पाठवू नका. मात्र तुमच्या मनात जी शंका आहे, की रोज अंगाला लागणारी ही वस्तू बनते कशाची, ती अगदी रास्त आहे.

दरवर्षी अकरावीच्या मुलींसमोर लॅबच्या टेबलावर मी एक पॅड कात्रीनं उभं कापते. वरचं मऊ आवरण त्या बोटांनी चाचपतात आणि म्हणतात, "कापूस." कापूस नसतो तो. बहुतेक पॅडवर ते पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड असतं, नाहीतर बारीक भोकं पाडलेली पॉलिथीनची फिल्म. त्याखालचा पांढरा भुसभुशीत थरही कापूस नव्हे, तो लाकडाचा लगदा. तो झटकला की टेबलावर मिठासारखे दाणे पडतात. हे सोडियम पॉलिॲक्रिलेट. चमचाभर दाण्यांवर भांडंभर पाणी ओतलं तर बघता बघता जेली होते आणि मुली "अय्या" म्हणतात. मग मी त्या जेलीवर चिमूटभर मीठ टाकते. जेली बसते, पाणी सुटतं. रक्तात क्षार असतात, त्यामुळे हे दाणे साधं पाणी जितकं धरून ठेवतात तितकं रक्त धरत नाहीत. जाहिरातीतलं निळं पाणी डोक्यातून काढून टाका, असं मी मुलींना सांगते ते यासाठीच. अमेरिकेत ओरेगॉनच्या संशोधकांनी पॅड, टॅम्पॉन (पाळीत योनीत आत ठेवायची शोषक गुंडाळी), कप (आत बसवून रक्त साठवणारी मऊ वाटी) हे सगळं खऱ्या रक्तानं तपासलं ते २०२३ साली. तोवर पाण्यानं नाहीतर सलाइननंच काम भागवलं जायचं. इतकी वर्षं कुणाला ते करावंसं वाटलं नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

सगळ्यात खाली प्लास्टिकचा थर, त्यावर गोंद, गोंदावर गुळगुळीत कागद. काही पॅडमध्ये वरून सुगंध.

यातल्या लगद्याबद्दल आणि दाण्यांबद्दल मला फारशी धास्ती नाही. लगदा पांढरा करायला पूर्वी क्लोरीन वायू वापरायचे, त्यातून डायॉक्सिन नावाचं विष अगदी सूक्ष्म प्रमाणात उरायचं. आता ती पद्धत बहुतेक ठिकाणी मागे पडली आहे. शिवाय डायॉक्सिन आपल्या अंगात जातं ते ९० टक्क्यांहून जास्त खाण्यातून. मला काळजी वाटते ती कुणी नाव घेत नाही अशा गोष्टींची. सुगंधात काय आहे, गोंदात काय आहे, प्लास्टिक मऊ राहावं म्हणून काय घातलंय?

दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेनं २०२२ मध्ये बाजारातले दहा पॅड तपासले. दहाही पॅडमध्ये थॅलेट सापडले, आणि हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनंही. थॅलेट म्हणजे प्लास्टिक लवचीक करणारी रसायनं. त्यातली काही शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात. 'ऑरगॅनिक' म्हणून महाग विकले जाणारे पॅडही त्या दहात होते, आणि तेही यातून सुटले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण पोटाला चिमटा काढून मुलीसाठी तसलं पाकीट आणणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्या तपासणीनं पॅडमध्ये काय आहे ते दाखवलं. त्यातलं अंगात किती जातं, हे दाखवणं तिचं काम नव्हतं. पण त्या जागेची त्वचा हातापायांच्या त्वचेपेक्षा नाजूक, त्यातून काही पदार्थ लवकर आत शिरतात, आणि हा संबंध महिन्यातले चार-पाच दिवस, तीस-पस्तीस वर्षं चालतो. "थोडंसंच तर आहे" हे उत्तर मला पुरत नाही.

टॅम्पॉनबद्दल आपल्याकडे क्वचितच कुणी विचारतं, म्हणून थोडक्यात. अमेरिकेत 'रिलाय' नावाचा टॅम्पॉन कृत्रिम स्पंजाच्या तुकड्यांनी भरलेला असायचा. इतका शोषायचा की बायका तो तासन्‌तास आत ठेवायच्या. त्यातून टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा जिवाणूंच्या विषामुळे होणारा जीवघेणा आजार होऊ लागला आणि सप्टेंबर १९८०मध्ये कंपनीला तो बाजारातून काढावा लागला. पॅड बाहेर राहतं, त्याला हा धोका जवळजवळ नाही. तरी मुलींना मी हे सांगतेच, कारण "जास्त शोषतं म्हणजे चांगलं" ही समजूत तिथे बायकांच्या जिवावर बेतली.

आता माझ्या घरातलं सांगते. माझी मुलगी नववीत असताना जांघेत लाल चट्टे घेऊन दोन महिने गप्प राहिली. चालताना पाय फाकवून चालायची, मला वाटलं काचलं असेल. एकदा तिनं "आई, आग होते गं" म्हटलं, तर मी म्हणाले, पाळीत थोडं व्हायचंच. केमिस्ट्री शिकवणारी मी! हे लिहिताना आजही हात थबकतो. तिसऱ्या महिन्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पॅड सुगंधी आहे का?" होतं. ते बंद केलं, बिनवासाचं आणलं, आणि पुढच्या पाळीत चट्टे उठले नाहीत. पाकीट उलटसुलट करून पाहिलं. लांबी, नग, किंमत, विंग्ज, फुलांचं चित्र, सगळं होतं. सुगंध कशाचा, ते कुठेच नव्हतं. टोमॅटो सॉसच्या बाटलीवर आत काय काय आहे ते छापलेलं असतं, आणि माझ्या मुलीच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूवर नसतं!

न्यूयॉर्क राज्यानं २०१९ मध्ये कायदा केला की अशा वस्तूंच्या पाकिटावर घटक छापलेच पाहिजेत. आपल्याकडे पॅडचं १९८० सालचं मानक जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. त्याचा भर होता पॅड किती शोषतं, गळतं का, यावर. २०१९ मध्ये ते बदललं, त्वचेला त्रास होतो का हे पाहणाऱ्या चाचण्या आल्या. चांगलं झालं. घटकांची यादी मला अजून हवीच आहे.

आणि कपडा? माझ्या आईनं जन्मभर जुन्या सुती लुगड्याच्या घड्या वापरल्या, तिला काही झालं नाही. पण ते लुगडं शंभर वेळा धुऊन मऊ झालेलं होतं, आणि परसात घड्या उन्हात टाकायला तिला आडोसा होता. आज घरातली जुनी साडी बहुधा पॉलिस्टरची निघते, ती शोषतच नाही. होस्टेलवरची मुलगी घडी वाळत घालते बाथरूमच्या दारामागे, परकराखाली. ती ओलसरच राहते आणि तशीच पुन्हा वापरली जाते. खाज तिथून सुरू होते. तेव्हा ताई, सुती कपडा, भरपूर पाणी आणि कडक ऊन ही तिन्ही असतील तर खुशाल कपडा द्या. यातलं एक जरी नसेल तर पॅड द्या, बिनवासाचं, आणि चार ते सहा तासांनी बदलायला सांगा, भरलेलं नसलं तरी. पाकीट स्वस्त म्हणून वाईट आणि महाग म्हणून चांगलं, असं धरून चालू नका.

आणि पुरळ उठलं, आग झाली, तर पाकीट फेकू नका. त्यावर बॅच नंबर असतो. तो डॉक्टरांना दाखवा, पाकिटावरच्या पत्त्यावर लिहा, आत काय आहे ते विचारा. माझ्या दोन विद्यार्थिनींनी मागच्या वर्षी असं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, त्यांनी पुन्हा पाठवलं. लॅबच्या कपाटात आता एक फाईल आहे. ज्या मुलीला त्रास झाला, ती तिचं रिकामं पाकीट घडी करून त्यात ठेवते, वर तारीख घालते आणि बॅच नंबरखाली लाल पेनानं रेघ ओढते.